दोन बाह्यांची मापं

९ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. फोनच करणार होते. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस. ही बातमी मनाने भरण्यासारखी नाही, म्हणून लिहितेय. आधी एवढं वाच की तुझी नात बटण घरी आहे, जेवतेय, आणि आत्ता माझ्या पायाशी बसून तुझं मागचं पत्र चघळतेय. मग पुढचं वाच.

गेल्या मंगळवारी सकाळी ती खुर्चीवरून पडली. तू तिच्या दुसऱ्या वाढदिवसाला पाठवलेली ती जेवणाची उंच खुर्ची. मी ओट्याशी भांडी विसळत होते, तिच्यापासून चार पावलांवर. तिचा चमचा खाली पडला होता आणि ती तो मागत होती. रोज हेच चालतं. ती वाकते, पट्टा तिला मागे धरतो, ती चिडते, मी चमचा उचलून देते. त्या दिवशी चिडल्याचा आवाज आलाच नाही, पडल्याचा आला. डावा हात अंगाखाली सापडला. कोपराचं हाड मोडलंय. आत तारा घालून वर प्लॅस्टर केलंय. प्लॅस्टर निघाल्यावर कळेल, म्हणतात डॉक्टर. हाड वाकडं जुळलं तर पुन्हा ऑपरेशन, आणि तेही मोठ्या हॉस्पिटलात, लहान मुलांचे हात करणाऱ्या खास डॉक्टरांकडे. तिथला खर्च तिच्या बाबाने कागदावर लिहून घेतला, आम्हाला झेपणारा नाही.

खुर्ची त्याने त्याच दिवशी चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. मला ती डोळ्यांसमोर नको झाली होती. पट्टा खाली लोंबत होता, तेवढंच मी पाहिलं. आमच्या चष्म्याच्या दुकानात एक वकीलबाई येतात, त्यांच्या काचा नेहमी मीच घासते. त्या म्हणाल्या, कंपनीवर दावा लावा, दोन वर्षांच्या मुलाचा भार पट्ट्याने पेललाच पाहिजे. खुर्ची तू घेतली होतीस. पावती सापडली तर लगेच पाठव.

फ्रॉकसाठी मापं मागितली होतीस. छाती बावीस, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अठरा. बाहीचं माप प्लॅस्टर निघाल्यावर बघू.

तुझी,
चिंधी


१५ फेब्रुवारी

चिंधे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, आणि मग मशीन बंद करून बसून. दुकानात एक बाई ब्लाउजची ट्रायल द्यायला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, उद्या या, आज माझ्या हातून टाचणी तुम्हालाच टोचेल.

मेल्यांनी खुर्चीच्या खोक्यावर कसलं गुटगुटीत, हसरं पोर छापलंय! मुलांच्या वस्तू विकतात आणि मुलाला धरून ठेवणारा साधा पट्टा यांना धड करता येत नाही? तू अजिबात मागे हटू नकोस. जावईबापू भिडस्त आहेत, ते म्हणतील जाऊ दे. त्यांचं ऐकू नकोस. आपल्याला भीक नकोय. लेकराच्या हाताचा खर्च त्यांनी द्यावा आणि चूक झाली म्हणून लिहून द्यावं.

पावती सोबत जोडलीय. माझ्या नावावर आहे, चालेल ना ते विचारून घे. झेरॉक्स काढून ठेवलीय.

एक विचारते. पट्टा नेमका सुटला कुठून? पुढचं बक्कल उघडलं, की पट्टा मागे खुर्चीला जिथे शिवलाय तिथून निघाला? एकदा चादर काढून नीट बघ आणि कळव. वकीलबाईंना लागेल म्हणून म्हणते.

बाहीचं माप उजव्या हाताचं घे की. प्लॅस्टर निघायची वाट कशाला बघायची? चाळीस वर्षं झाली, मी गिऱ्हाइकाच्या एकाच हाताचं माप घेत आलेय. देवाने दोन्ही सारखेच दिलेत, दुसऱ्यासाठी कागद कशाला वाया घालवायचा?

बटणला माझा पापा. पट्ट्याचं विसरू नकोस.

आत्या


२० मार्च

आत्या,

उत्तराला महिना लागला. रागावू नकोस. दिवस नुसते हॉस्पिटल आणि दुकान यांत जातात.

प्लॅस्टर निघालं. हात सरळ होत नाही. कोपरात अडकतो. बटण हात पुढे करते तेव्हा तो अर्ध्यावरच वाकलेला राहतो, आणि काही नको असलं तरी ती काहीतरी मागतेय असंच वाटतं. दुखत नाही म्हणते. चेंडू आता उजव्या हातानेच उचलते, डाव्याला हाक मारत नाही. दुसरं ऑपरेशन लागणारच, आणि डॉक्टरांच्या मते ते वर्षाच्या आत व्हायला हवं.

कंपनीचं उत्तर आलं. अडीच ओळी. "पालकांनी पट्टा योग्य रीतीने लावला नसावा. उत्पादनात दोष आढळलेला नाही." खुर्ची पाहिली नाही, पोर पाहिलं नाही, आणि दोष आढळला नाही. आम्ही ग्राहक मंचाकडे तक्रार दाखल केलीय. पहिली तारीख एप्रिलमध्ये आहे.

तू पट्ट्याचं विचारलं होतंस. मी पाहिलेला नाही, आणि आता पाहताही येणार नाही. वकीलबाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, खुर्ची आहे तशीच राहू दे, कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. चादरीवरून सुतळी बांधली, गाठीवर कागद चिकटवून सही केली. तारखेनंतर आठवड्याभरात एक तज्ज्ञ येईल आणि दोन्ही बाजूंसमोर ती उघडेल.

खरं सांगू? त्यांनी सुतळी बांधली तेव्हा मला हायसं वाटलं.

हे मी फक्त तुला लिहितेय. बटणच्या बाबालाही सांगितलेलं नाही. मी पट्टा लावला होता की नाही, ते मला आठवत नाही. रोज लावते. बक्कल बसलं की टक असा आवाज होतो, तो ऐकूनच मी वळते. त्या दिवसाचा टक मला ऐकू येत नाही. आदल्या दिवशीचा येतो, त्याच्या आदल्या दिवशीचाही येतो. दुकानात मी एकेक काच दोनदा तपासते, अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी परत घासते. आणि माझ्या पोरीचा पट्टा मी लावला की नाही, हे मला सांगता येत नाही. तरी लेखी निवेदनात मी लिहून दिलंय की पट्टा नक्की लावला होता. खाली सही केलीय.

ती हात पुढे करते तेव्हा मला वाटतं, ही माझ्याकडे तो टकच मागतेय.

हे पत्र वाचून फाडून टाक.

चिंधी


२७ मार्च

चिंधे,

पत्र फाडलं. बारीक तुकडे केले आणि चिंध्यांच्या पिशवीत तळाशी घातले. त्याच पिशवीवर तू लहानपणी झोपायचीस, म्हणून तर तुझं हे नाव पडलं.

आता मी सांगते ते नीट वाच. चूक तुझी नाही, माझी आहे. महिनाभर मी हे पोटात ठेवलं. पट्टा कुठून सुटला ते बघ म्हणून तुलाच विचारत राहिले, आणि का विचारतेय ते सांगायचं धाडस झालं नाही.

दुकानदाराने खुर्ची आधी माझ्या घरी पोचवली होती, आठवतं? मी खोकं उघडून पट्टा पाहिला. त्याची आतली कड नखासारखी कडक होती. मनगटावर घासून पाहिली तर लाल रेघ उठली. म्हटलं, माझ्या बटणच्या पोटाला हे रोज घासणार? तुझ्या लहानपणच्या पिवळ्या फ्रॉकचं मऊ कापड मी जपून ठेवलंय, त्याचं अस्तर पट्ट्याला लावलं. तू म्हणालीही होतीस, पट्टा किती मऊ आहे गं. पण अस्तर गुंडाळायला पट्ट्याचं एक टोक मोकळं करावं लागलं. खुर्चीच्या मागे कंपनीने चौकोनी शिवण घातली होती, ती मी उसवली. पट्टा मागच्या लाकडी दांडीभोवती वळवून पुन्हा शिवताना ती दांडी मशीनखाली जाईना, म्हणून हाताने शिवलं. तुला काही बोलले नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? बाजारातली वस्तू घरात आली की ती उसवून नीट केल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. तुझ्या लग्नातला जावईबापूंचा कोटसुद्धा मी मांडवात जायच्या आधी उसवला होता.

दोरा दुहेरी घेतला होता, त्याला मेण लावलं होतं, असं मला वाटतं. पण तुला तो टक आठवत नाही, तसं मला मेण आठवत नाही. त्या आठवड्यात लग्नाचे कपडे होते, डोळे थकले होते. एकपदरी दोरा घेतला असेल तर तो वर्षभरात झिजणारच. म्हणजे पट्टा तू लावला होतास. माझी शिवण सुटली.

तू पट्टा नीट लावलास, मीच तो कच्चा शिवून दिला होता. आता स्वतःला बोल लावून घेऊ नकोस.

तुला माझ्या दुकानाची रीत माहीत आहे. कपडा बिघडला तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन येईपर्यंत मी थांबत नाही, आपण होऊन त्याच्या दारात जाते. म्हणून कालच कंपनीला पत्र टाकलं. पावतीवर पत्ता होता. लिहिलं की मुलीच्या आईला दोष देऊ नका, पट्टा मी उसवला होता, शिवण माझी होती. तुझ्या त्या पत्रातलं एक अक्षरही त्यात नाही.

आता तू शांत झोप. मला मात्र सुई धरवत नाही.

आत्या


२ मे

आत्या,

चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा उठले.

तारखेला कंपनीच्या वकिलाने तुझं पत्र बाहेर काढलं. सगळ्यांसमोर वाचलं. वाचनही चांगलं करतात ते, तुझ्या चाळीस वर्षांच्या दुकानाचं, मऊ अस्तराचं, सगळं. शेवटी म्हणाले, वस्तूत परस्पर फेरफार केल्यावर कंपनीची जबाबदारी संपते. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं, कारण तुझं पत्र मला मिळून दोनच दिवस झाले होते आणि ते कसं सांगावं हेच मला सुचत नव्हतं.

तक्रार मागे घेतलीय. कंपनीने सहानुभूती म्हणून थोडी रक्कम दिली. मोठ्या हॉस्पिटलात त्यात खाटसुद्धा मिळणार नाही. बदल्यात लिहून घेतलं की या हाताबद्दल आम्ही पुन्हा कधी काही मागणार नाही. नवी खुर्चीही देत होते. ती बटणच्या बाबाने नाकारली. तो भिडस्त आहे ना, त्याने अगदी नम्रपणे नाकारली.

तू हे माझ्यासाठी केलंस, ते मला कळतं. तुला दोष देत नाही असं लिहायचं होतं, पण ते लिहिता येत नाहीये. तू मला विचारायचं होतंस. गिऱ्हाइकाच्या दारात जायच्या आधी माझ्या दारात यायचं होतंस. एक आठवडा थांबली असतीस तर आपण दोघी बसून ठरवलं असतं काय सांगायचं.

ऑपरेशन जुलैमध्ये इथल्याच साध्या हॉस्पिटलात करतोय.

काही दिवस पत्र लिहू नकोस.

चिंधी


१० ऑगस्ट

हे पत्र नाही. पार्सलमधली चिठ्ठी आहे, तेव्हा तुझा शब्द मी मोडलेला नाही.

ऑपरेशन झाल्याचं जावईबापूंनी फोनवर ओरडून सांगितलं. निम्मं ऐकू आलं. या वेळी उरलेलं मनाने भरलं नाही, त्यांनाच तीनदा विचारलं. ते म्हणाले, हात पहिल्यापेक्षा बरा आहे, पण पूर्ण सरळ नाही, आणि रोज वजन धरून व्यायाम करायचाय. म्हणून वाळूच्या तीन छोट्या पिशव्या शिवून पाठवतेय. सगळ्यात हलकी पिवळी, मग निळी, मग लाल. तिन्ही मशीनवर शिवल्यात, दुहेरी टीप मारून. दोन दिवस खिडकीच्या गजाला टांगून ठेवल्या होत्या. एकही उसवली नाही.

लहान मुलांचे कपडे शिवायला घेणं मी बंद केलंय. दारावर पाटी लावलीय. लोक विचारतात, मी डोळ्यांचं कारण सांगते.

उत्तर पाठवायची गरज नाही.

आत्या


१४ ऑक्टोबर

आत्या,

घराला रंग द्यायचा म्हणून रविवारी माळा रिकामा केला. खुर्ची खाली आली. तशीच चादरीत, सुतळीवर वकीलबाईंची सही. बटणचा बाबा म्हणाला, भंगारात देऊ. मी हो म्हणाले आणि सुतळी कापली. द्यायच्या आधी तुझं ते पिवळं अस्तर काढून घ्यावं, एवढंच माझ्या मनात होतं. माझ्या लहानपणच्या फ्रॉकचं आहे, ते भंगारात कशाला जाऊ द्यायचं?

आत्या, तुझी शिवण जागच्या जागी आहे.

मी दोन्ही हातांनी पट्टा ओढला. मग बटणच्या बाबाने खुर्चीवर पाय देऊन ओढला. लाकूड करकरलं, शिवण हलली नाही. दोरा दुहेरी आहे, आणि नखाने खरवडल्यावर नखाखाली मेण येतं. तू मेण लावलं होतंस.

मग मी बक्कल पाहिलं. दप्तराला असतं तसं, दोन दातांचं. एका अर्ध्यावर दोन्ही दात नव्हते, मुळापासून मोडलेले होते. दुसऱ्या अर्ध्याच्या पोटात ते दोन्ही अडकून बसले होते. बक्कल लावलेलं असल्याशिवाय दात तिथे जाऊच शकत नाहीत. म्हणजे मी पट्टा लावला होता. दुकानातलं काचा तपासायचं भिंग आणून मोडलेली जागा पाहिली. प्लॅस्टिकच्या आत पोकळ बुडबुडे आहेत, दोन्ही दातांत, मुळाशीच. असली काच माझ्या टेबलावर आली असती तर मी एका नजरेत बाजूला टाकली असती. दिवसभर भिंग लावून लोकांच्या डोळ्यांची कामं करते मी, आणि आठ महिने माझ्या डोक्यावरच्या माळ्यावर हे पडून होतं.

मी जमिनीवर बसूनच बक्कल पुन्हा भिंगाखाली धरलं. बटण येऊन मांडीवर बसली आणि बक्कल मागायला लागली. दिलं नाही.

आता मे महिन्यात जे लिहिलं नाही ते लिहिते. तुझं पत्र वाचून दाखवल्यावर वकीलबाईंनी हार मानली नव्हती. त्या म्हणाल्या, पत्राने काही सिद्ध होत नाही, तज्ज्ञाला खुर्ची उघडू द्या, कशाने सुटलं ते दिसेलच. मीच नको म्हणाले. कंपनीचे वकील तुला साक्षीला बोलावणार होते. तू तिथे उभी आहेस, ते भरभर विचारतायत, तुला निम्मं ऐकू येतंय आणि सगळ्यांदेखत तुझ्या हाताचे वाभाडे निघतायत, ते मला डोळ्यांसमोर दिसलं. बटणच्या बाबाला आणि तुलाही मी असं भासवलं की तुझ्या पत्रामुळे सगळं संपलं. ते खरं नव्हतं. संपवलं मी.

आणि तेवढंच कारण नव्हतं. खुर्ची उघडली आणि बक्कल धडधाकट निघालं तर? तर मी पट्टा लावलाच नव्हता हे सगळ्यांना कळलं असतं, आणि माझी सही खोटी ठरली असती. तुझी शिवण सुटली असणार, हे मानणं मला सोपं गेलं. तुझ्यावर रागावणंही सोपं गेलं. मला माफ कर असं लिहितेय, पण तू केलंस तरी माझ्याने ते होईल असं वाटत नाही.

काल वकीलबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि डोक्याला हात लावला. हाताबद्दल आता काहीच मागता येणार नाही, आमच्या सह्या आहेत. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनाही जाऊन विचारलं. ते म्हणाले, तेव्हा आला असतात तर कदाचित पूर्ण सरळ झाला असता, कदाचित नसताही. आता आहे त्यात राहायचं. तो ‘कदाचित’ शब्द रोज माझ्यासोबत दुकानात येतो आणि सोबत परत येतो.

एकच वाट उरलीय. खुर्चीची पावती तुझ्या नावावर आहे आणि तू कसलीही सही केलेली नाहीस. विकत घेणारी म्हणून तू तक्रार करू शकतेस की वस्तू सदोष होती. त्यातून आपल्याला फार तर खुर्चीची किंमत मिळेल. पण ते बक्कल तपासायला जाईल. अजून तीच खुर्ची दुकानात मिळते, परवाच मी काचेतून पाहिली, खोक्यावरचं पोर अजून हसतंय. मी जुनी सुतळी कापून बसले म्हणून ते लोक वाकडे प्रश्न विचारतील. वकीलबाईंनी नवी बांधलीय. तुला यावं लागेल, बोलावं लागेल.

येशील का, ते कळव. नाही म्हणालीस तरी मी समजेन.

चिंधी


२२ ऑक्टोबर

चिंधे,

मेण लावलं होतं मी. पत्र हातात धरून हे किती वेळा म्हटलं कोण जाणे. कपडे घ्यायला आलेल्या बाईंना वाटलं म्हातारीचं काही खरं नाही. मग दार लावून घेतलं आणि रडून घेतलं. आनंदाचं होतं की कशाचं, ते विचारू नकोस. आठ महिने मी माझ्या हातांकडे चोराकडे बघावं तशी बघत होते. ते हात चोर नव्हते, हे कळल्यावर बरं वाटायला हवं. एक क्षण वाटलंही. पुढच्याच क्षणी लक्षात आलं, की ते चोर असते तर परवडलं असतं. मग पोरीच्या हाताचं कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. आता तसंही म्हणता येत नाही.

तू मला वाचवायला गेलीस आणि मी तुला. दोघींपैकी एकीनेही ती चादर उचलून बघितली नाही. एकमेकींना वाचवता वाचवता आपण लेकराचा हात घालवला, बाई. कंपनीने मोडला आणि आपण तो तसाच ठेवला. मी हे तुला टोचायला लिहीत नाही. कुणीतरी एकदा हे लिहायला हवं होतं, आणि तू लहान आहेस, म्हणून मी लिहितेय. माफीचं तू विचारलंस. ती तू मागायच्या आधीच झाली होती. तुझ्या मे महिन्याच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी कधी विसरणार नाही, आणि ते विसरायचंही नाही मला. तुझ्या दारात आधी यायला हवं होतं. त्या दिवशी गाडीत बसले असते तर दुपारपर्यंत पोचले असते.

आता येतेय. तक्रार माझ्या नावाने लिहायला सांग. साक्षीला उभी राहीन, हवं तेवढं विचारू देत. तू आणि जावईबापू इतकी वर्षं मागे लागला होतात ते कानाचं यंत्र काल घेतलं. तिथे निम्मं ऐकून चालणार नाही. यंत्र लावून पहिल्यांदा मशीन चालवलं तर दचकलेच, इतका खडखडाट करतं ते. चाळीस वर्षं शेजाऱ्यांनी कसं सोसलं कोण जाणे. यंत्र घालून मी कंपनीच्या वकिलांना विचारणार आहे, की माझं पत्र तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवलंत, मग खुर्ची का नाही पाहिलीत? उत्तर मला पूर्ण ऐकायचंय.

दारावरची पाटी काढली. पहिलं काम बटणचा फ्रॉक. कापड घेऊन ठेवलंय, आकाशी, बारीक पांढरे ठिपके. मापं जुनी झाली असतील, नव्याने घे. छाती, उंची, खांदा. आणि या वेळी दोन्ही बाह्यांची मापं वेगवेगळी पाठव.

उजवा हात नेहमीसारखा घे. डाव्याचं तीन ठिकाणी घ्यायचं. खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि कोपराचा घेर. तिथे मी आत एक चुणी घेईन, म्हणजे बाही वर ओढली जाणार नाही आणि लोकांची नजर तिथे जाणार नाही. दोन बाह्या वेगवेगळ्या बेतायची ही माझी पहिलीच वेळ, चुकले तर तिथे येऊन उसवीन.

माप घेताना तिचा हात ताणून सरळ करू नकोस. जसा राहतो तसाच राहू दे, आणि मग टेप लाव.

आत्या